लाल ड्रॅगन मिन्स्कच्या मंचावर

(दृश्य: मिन्स्क अरीना, झेंड्यांचं संचलन)

२५ नोव्हेंबर २०१८. बेलारूसची राजधानी मिन्स्क. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा, ज्युनियर युरोव्हिजन. वीस देशांची मुलं एकामागून एक मंचावर येताहेत. पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर लाल ड्रॅगन असलेला हा झेंडा वेल्सचा. या स्पर्धेत तो पहिल्यांदाच फडकतोय.

वेल्स ब्रिटनचाच भाग. मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये ब्रिटन १९५७ पासून गातंय, पण तिथं त्याच्या वतीनं वेल्श भाषेतलं गाणं एकदाही गेलेलं नाही.

(दृश्य: १९७० चं चित्रण)

हे ॲम्स्टरडॅम, आणि ही मेरी हॉपकिन. वेल्समधल्या पॉन्टारडावे गावची. सुरुवातीच्या काळात तिनं वेल्शमध्येही गाणी रेकॉर्ड केली होती. ब्रिटनला तिनं दुसरा क्रमांक मिळवून दिला, इंग्रजीत गाऊन.

(दृश्य: लाकडी पाटी, जवळून)

आता हा लाकडाचा तुकडा नीट पाहा. दोरी ओवलेली, वर दोन अक्षरं कोरलेली: डब्ल्यू, एन. ‘वेल्श नॉट’. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या अनेक शाळांत, वर्गात वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात ही अडकवत. मग त्यानं कान टवकारून बसायचं. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं, की पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना जिच्या किंवा ज्याच्या गळ्यात पाटी, त्याला छड्या. घरात आईशी जे बोलायचं, तेच शाळेत बोललं म्हणून मार. आणि पकडून द्यायचं कुणी, तर बाकावर शेजारी बसणाऱ्यानंच.

ही भाषा तरीही टिकली. चर्चमध्ये, शेतावर, आणि गाण्यात. १९२२ साली मुलांसाठी ‘इर्द’ ही संघटना उभी राहिली. तिचा आयस्तेदवोद, म्हणजे मुलांचा गाण्याचा, नृत्याचा, कवितेचा मेळा, १९२९ पासून भरतो. प्राथमिक फेऱ्यांपासून मोजलं तर हजारो मुलं त्यात उतरतात. या मुलांना मंच नवा नसतो, ते इथेच दिसतं. पाच-सहा वर्षांची पोरं, हात मागे बांधून, न चुकता सूर लावताहेत.

पण घरातला टीव्ही इंग्रजी बोलत होता. वेल्श भाषेची वाहिनी देऊ, हे निवडणुकीतलं आश्वासन १९७९ मध्ये थॅचर सरकारनं फिरवलं आणि वेल्स पेटलं. तिघा नामांकित विद्वानांनी पेनकॅरेगच्या प्रक्षेपण केंद्रात शिरून ते बंद पाडलं. अनेकांनी टीव्हीची लायसन्स फी भरायचं नाकारलं. हे ग्विनफोर एव्हन्स, १९६६ मध्ये निवडून आलेले, वेल्श राष्ट्रवादी प्लाइड कमरी पक्षाचे पहिले खासदार. १९८० मध्ये त्यांनी जाहीर केलं: ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषण. सप्टेंबरमध्येच सरकार नमलं. १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस फोर सी’ ही वाहिनी सुरू झाली. पहिल्याच महिन्यात तिच्यावर ‘सुपरटेड’ हे अस्वलाचं कार्टून आलं, वेल्समध्येच बनलेलं. मुलांसाठी, मुलांच्या भाषेत.

मिन्स्कला वेल्सची गायिका पाठवणारी वाहिनी हीच. ज्युनियर युरोव्हिजनमध्ये गाण्याचा मोठा भाग स्वतःच्या भाषेत असावा लागतो. वेल्सला आणखी काय हवं! शेजारच्या आयर्लंडची आयरिश भाषक वाहिनी टीजी फोर २०१५ पासून हेच करत होती.

(दृश्य: लँडिडनोचा समुद्रकिनारा, वेन्यू कमरी नाट्यगृह)

निवड कशी झाली ते बघू. वेल्सभर चाचण्या झाल्या. मुलांना तयार करायला तीन मार्गदर्शक: कॉनी फिशर, टारा बेथन आणि स्टिफिन पॅरी. कॉनीनं लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या भागात मुख्य भूमिका गाजवलेली. गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं आणि मुख्य आवाज मंचावर प्रत्यक्षच लागतो, त्यामुळे श्वासाचं गणित चुकून चालत नाही. ९ ऑक्टोबरला लँडिडनोत अंतिम फेरी झाली. समोर भरलेलं सभागृह, घरोघरी थेट प्रक्षेपण, आणि सूत्रसंचालनापासून परीक्षकांच्या शेऱ्यांपर्यंत सगळं वेल्शमध्ये. विजेती ठरली मानू.

(दृश्य: मिन्स्क, मानूचं सादरीकरण. निवेदन थांबतं, गाणं ऐकू येतं)

मानूचं गाणं, ‘पेर्टा’. ज्या भाषेपायी पणजोबांच्या पिढीनं छड्या खाल्ल्या, ती इथं युरोपभर थेट ऐकली जातेय.

मानू विसावी आली, म्हणजे शेवटची. पोलंड जिंकलं.

(दृश्य: ग्लिविसे, पोलंड, २०१९)

पुढच्या वर्षी वेल्स पुन्हा आलं. ही एरिन माय, गाणं ‘कालॉन अन किरो’. मोठा मंच, मागे पडदाभर रंग, आणि ही पोर शेवटच्या ओळीपर्यंत आवाज चढवत नेते. एकोणीस देशांत अठरावी.

२०२० मध्ये कोरोनामुळे वेल्सनं माघार घेतली, आणि त्यानंतर ते परतलेलं नाही. २०२२ मध्ये बीबीसीनं ब्रिटनला स्पर्धेत आणलं, इंग्रजी गाण्यासह. पाचवा क्रमांक आला, कौतुक झालं, आणि २०२४ मध्ये तेही थांबलं.

२०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी वेल्श येत असल्याचं सांगितलं. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक, हे तिथल्या सरकारचं लक्ष्य आहे. ते मुलांमधूनच पुरं व्हायचं आहे, आणि मुलांच्या या मंचावर वेल्सची जागा रिकामी आहे. एस फोर सीनं पुन्हा नाव नोंदवावं. क्रमांक कितवाही येवो.