हसा म्हणू नका

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या फोटो स्टुडिओत अधूनमधून असं घडतं. सकाळी शटर वर करतो न करतो तोच कुणीतरी दारात उभं असतं. चेहरा उतरलेला, हातात आधार कार्ड. "आईचा फोटो मोठा करून द्या. दहाव्याला ठेवायचाय." मी विचारतो, दुसरा एखादा आहे का? मग फोन चाळला जातो. भाच्याच्या लग्नातला एक सापडतो, त्यात आई तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड. बारशातला एक असतो, त्यात डोळे मिटलेले. शेवटी कार्डावरचाच फोटो घ्यावा लागतो. जिच्या बोलण्यानं सगळं घर भरलेलं असायचं, ती बाई भिंतीवर कायमची दचकलेली दिसते.

घरात चार-चार फोन असताना हे होतं, म्हणून आज तुमच्याशी बोलायला आलोय. आपल्या माणसाचा चांगला फोटो घरच्या घरी निघतो. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही.

माझ्या वडिलांकडे यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघायचं. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो, त्यामुळे उगाच बटण दाबणं परवडायचं नाही. वडील खाली बघून फोकस लावत, मग मान वर करत आणि समोरच्याशी गप्पा मारत. "औंदा ज्वारी कशी आहे?" "थोरली कुठं दिली?" माणूस उत्तर देऊन थांबला, की त्या थांबण्यात बटण दाबलेलं असायचं. कॅमेरा पोटाशी असल्यामुळे त्यांचा चेहरा मोकळा राहायचा. समोरचा माणूस त्यांच्याकडे बघत असे, यंत्राकडे नव्हे.

फोननं हेच बिघडवलं. आपण फोन तोंडासमोर धरतो, पडद्यात बघत बसतो आणि पलीकडच्या माणसाला म्हणतो, "हसा!" आता कुणाकडे बघून हसायचं त्यानं? मग ओठ ताणले जातात, दात दिसतात, डोळे मात्र तसेच राहतात. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली हे लिहून ठेवलंय. ओठांचे स्नायू आपल्या हुकमानं हलतात, पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आवळतो, तो सहसा हुकूम ऐकत नाही. म्हणून फोन छातीच्या उंचीवर आणा, चौकट नीट लावून घ्या आणि मग त्याच्यावरून थेट माणसाकडे बघत बोला. बोलता बोलता बटण दाबा. एवढी एकच गोष्ट आजपासून केलीत, तरी निम्मं काम झालं.

आता उजेड. वीज घरोघरी पोचण्याआधी फोटोवाले उत्तरेच्या खिडकीवर भरवसा ठेवत, कारण तिकडून ऊन थेट आत येत नाही. आपल्याकडे मे ते जुलैमध्ये सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, तेवढे दिवस सोडले तर आजही तीच खिडकी उत्तम. नसेल तर ओसरी घ्या. माणसाला सावलीत बसवा, पण सावलीच्या अगदी कडेला, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. भर दुपारी अंगणात उभं केलंत तर टोपीची सावली डोळ्यांवर येते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. डोक्यावरची ट्यूबलाइटही तेच करते, ती बंदच करा. गौतम राजाध्यक्षांनी काढलेले लता मंगेशकरांचे, माधुरी दीक्षितांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पुन्हा बघाल तेव्हा नाकाशेजारची सावली शोधा. ती किती हलकी आहे ते पाहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

फोनचा नेहमीचा कॅमेरा आवाका मोठा घेतो. तो तोंडाजवळ नेला की नाक मोठं होतं, कान मागे पळतात आणि माणूस म्हणतो, मी असा दिसतो? तसं नसतं हो, आपण फार जवळ गेलेलो असतो. पाच-सहा फूट मागे सरका आणि दोनपट झूम करा. आजी जमिनीवर बसल्या असतील तर तुम्हीही मांडी घालून बसा. उभ्यानं, वरून काढलेल्या फोटोत मोठी माणसं लहान, बिचारी दिसतात, ते मला बघवत नाही.

चष्म्यावर चमक येत असेल तर काड्या कानांवर जराशा वर उचला, काचा खाली झुकतात. दुहेरी हनुवटीची भीती असलेला माणूस नेमकी मान मागे ओढतो आणि ती वाढवतो. त्याला खुर्चीच्या पुढच्या कडेला बसवा आणि कमरेतून थोडं पुढे झुकायला सांगा. हातांना काहीतरी काम द्या. अडकित्ता, तांदळाचं सूप, नातवाची टोपी, जे रोज हातात असतं ते.

आणि एक कळकळीची विनंती, चेहरा उजळ करणारी ती सोय बंद करा. लग्नाच्या बायोडाटासाठी एक मुलगी आली होती. आई, मावशी, आत्या, तिघी सोबत. एक पदर सारखा करतेय, एक "हस गं" म्हणतेय आणि एक माझ्या कानाशी, "जरा गोरी करा." मुलगी लाकडासारखी ताठ. मी तिघींना चहा प्यायला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, काय शिकतेस? मातीचं परीक्षण, म्हणाली. मग दहा मिनिटं ती मला आमच्याच शेतातल्या काळ्या मातीबद्दल सांगत होती. तो फोटो मी सावळाच ठेवला. फोनच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून उजेड जरासा खाली ओढला, एवढंच. फोटो पाहून तिची आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही घरी अशीच दिसते."

मात्र फोटो ज्याचा आहे, त्याला तो लगेच आवडेलच असं नाही. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं. १९७७ साली अमेरिकेत हे तपासलं गेलं. बहुतेकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ. तेव्हा फोटो बरा आलाय का, हे घरच्यांना विचारा.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. नव्वदीच्या पुढे. फोटोचं नाव काढलं की म्हणायच्या, "आता कशाला? हार घालायला?" एकदा त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या, संध्याकाळचा तिरपा उजेड भिंतीवरून परतून तोंडावर येत होता. मी पायरीवर बसलो, फोन मांडीवर ठेवला आणि विचारलं, "आजी, माहेर कुठलं तुमचं?" नदीकाठचं गाव, म्हणाल्या. लहानपणी नदीला पूर आला होता, भाऊ त्यांना खांद्यावर बसवून वर देवळात घेऊन गेला होता. हे सांगताना शेंग हातातच राहिली.

मी त्याचा सहा बाय आठचा प्रिंट काढून नेऊन दिला. त्यांनी तो खूप लांब धरून पाहिला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "अजून एक काढ. भाऊ आहे अजून. त्याला पाठवू."

नमस्कार.