उत्तर चुकलं, पण कुठं?

मंडळी, निवृत्त मास्तरला तंत्रज्ञानावर बोलायला बोलावलं, की ऐकणाऱ्यांना वाटतं, आता हा मोबाईलला शिव्या घालणार. तसं काही होणार नाही. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपवरचे व्हिडिओ मी वर्गात दाखवलेत. जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर तर माझ्या हाती फार उशिरा लागलं, याचीच हळहळ वाटते. त्रिकोणाचा शिरोबिंदू धरून ओढत न्यायचा. तिन्ही कोन बदलत राहतात, बेरीज मात्र 180 अंशांवरून हलत नाही. फळ्यावर हे कसं दाखवणार? एक त्रिकोण पुसून दुसरा काढेपर्यंत मागच्या बाकावर दंगा सुरू.

तरीही एका वजाबाकीपाशी माझं घोडं अडतं. तिसरीतल्या मुलीला 52 वजा 27 घातलं. उत्तर आलं 35. टॅबवर लाल फुली उमटते, ‘पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा 35. मग हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ लागतो. ती बघते, मान डोलावते, आणि परत 35!

आता तिच्या वहीत डोकावा. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून तिनं 7 मधून 2 घालवले, राहिले 5. दशकात 5 मधून 2 गेले, राहिले 3. पोरीनं अंदाजपंचे काही ठोकलेलं नाही. मोठ्यातून लहान घालवायचा, हा तिचा नियम आहे, आणि पहिलीत त्या नियमानं तिला कधी दगा दिलेला नाही. चूक म्हणायची तर फारच शहाणी चूक. तिच्यापुढं दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा, आणि म्हणा, ‘बाळ, मला सत्तावीस दे.’ दोन गठ्ठे ती चटकन देते. मग सात सुट्या शोधते. सुट्या दोनच. जरा थांबते, तुमच्या तोंडाकडं बघते. तुम्ही काही बोलायचं नाही, हे मास्तरला सगळ्यात अवघड! मग ती आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढते. शिकणं झालं ते तिथं.

यंत्रानं शाळा पालटेल, ही आशा काही आजची नाही. 1975-76 मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्हीचे कार्यक्रम पोचवले होते. आपल्याकडं 1984 साली पुण्यात शाळकरी पोरांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी आली. कार्यक्रम चांगलेच होते. पण पडद्यावरच्या बाईंना समोरचं पोर कुठं अडलंय ते दिसत नव्हतं.

आपल्या कोल्हापुरात तर अडलेलं पोर ओळखणारा राजा होऊन गेला. 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण सगळे भाषणांत सांगतो. पण वसतिगृहं त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून उभी राहत होती. खेड्यातून आलेल्या पोरानं इथं शिकायचं, तर राहायचं कुठं आणि जेवायचं काय? नेमकी गाठ तिथं होती, आणि महाराजांनी आधी तीच सोडवली. लॉकडाऊनमध्ये आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर धडे पाठवत होतो. गगनबावड्याकडं पोरं रेंजसाठी टेकावर चढायची. घरात फोन एकच, तोही बापाबरोबर कामावर. तिथं धडा कितीही सुंदर असून काय उपयोग?

आता एआय आलंय. गृहपाठाचं गणित पायऱ्यांसकट सुटून येतं, अक्षर तेवढं पोराचं! मी असतो तर तीच पायऱ्यांची यादी फळ्यावर लिहिली असती, मधली एक पायरी मुद्दाम बिघडवली असती आणि म्हटलं असतं, ‘काढा खोट.’ कोल्हापूरची पोरं दुसऱ्याची खोट काढायला एका पायावर तयार असतात.

इथं संस्थाचालक बसलेत, त्यांना एक सांगतो. टॅब घेताना विक्रेता कितीही कार्टून दाखवू दे, तुम्ही त्याला दोनच गोष्टी विचारा. मुलानं कच्चं काम कुठं करायचं? आणि ते बाईंना दिसणार का? तो नुसता गुणांचा तक्ता दाखवायला लागला, तर चहा पाजून वाटेला लावा. आणि त्या पैशातून आधी तिसरीचा पट कमी करायला एक शिक्षक घ्या.