ओतरीव: समुद्राने घडवलेले दगड आणि एक पोस्टमन

श्रोतेहो, नमस्कार. फ्रान्सच्या आग्नेय भागात, लिऑन शहराच्या दक्षिणेला, द्रोम जिल्ह्यात ओतरीव नावाचे एक गाव आहे. वस्ती सुमारे दोन हजार. फ्रान्समध्ये अशा लहानमोठ्या स्थानिक स्वराज्य संस्था, म्हणजे कम्यून, जवळपास 35 हजार आहेत आणि अगदी मूठभर घरांच्या कम्यूनलाही स्वतःचा महापौर आणि स्वतःची कचेरी असते. खर्च वाचवण्यासाठी लहान गावे एकमेकांत विलीन करून टाकावीत, असे सांगणारे तज्ज्ञ तिकडेही आहेत आणि इकडेही. मला ते म्हणणे कधीच पटलेले नाही. असो.

ओतरीव वसले आहे ते गालोर नदीच्या खोऱ्यात. ही नदी शाँबाराँच्या पठारावर उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत जाऊन र्‍होन नदीला मिळते. दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी या टेकड्यांच्या जागी समुद्र होता. आल्प्स पर्वताची झीज होऊन आलेली वाळू त्याच्या तळाशी साचली आणि तिचा मऊ वालुकाश्म झाला. त्याला मोलास म्हणतात. पुढे नद्यांनी आल्प्समधून गोल गोटे वाहून आणले आणि या परिसरावर पसरले. म्हणून इथली जुनी घरे एकतर माती ठोकून उभारलेल्या भिंतींची, नाहीतर नदीच्या गोट्यांची. आणि ते गोटेही माशाच्या काट्याप्रमाणे तिरके रचलेले. हा सारा मुलूख पूर्वी दोफिने या संस्थानात मोडत असे. 1349 मध्ये ते फ्रान्सच्या राजघराण्याकडे आले आणि राज्यक्रांतीनंतर, 1790 मध्ये, आजचा द्रोम जिल्हा अस्तित्वात आला. या घडामोडींत ओतरीवची अशी खास नोंद क्वचितच सापडेल. तेव्हा श्रोत्यांनी दोनच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: समुद्राने घडवलेला मऊ मोलास आणि नदीने आणलेले गोटे. मोलास आणि गोटे. पुढची सगळी हकीकत त्यांचीच आहे.

ओतरीवमध्ये फेर्दिनाँ शवाल नावाचे एक पोस्टमन होते. जन्म 1836 चा, जवळच्याच एका खेड्यातला, शिक्षण जेमतेम, पोस्टात येण्यापूर्वी काही वर्षे पाव भाजण्याचा धंदा केलेला. टपालाची थैली घेऊन ते रोज तीसेक किलोमीटर पायी फिरत. एवढ्या चालण्यात माणसाने करायचे काय? शवाल मनातल्या मनात एक महाल बांधत. त्यात गुहा होत्या, मनोरे होते, बागा होत्या. पण लोक हसतील म्हणून त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. 1879 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, नेहमीच्याच वाटेवर त्यांच्या पायाला ठेच लागली आणि ते पडता पडता वाचले. कशाला अडखळलो म्हणून पाहिले, तर एक विचित्र आकाराचा दगड. तो त्यांनी खिशात घातला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेले, तर त्याहून देखणे दगड सापडले. पाण्याने कोरलेला आणि काळाने टणक केलेला तो मोलासच होता. शवाल यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की, शिल्पकाम करायला निसर्ग तयार असेल, तर गवंडीकाम आणि वास्तुरचना आपण करू.

आधी दगड खिशातून येऊ लागले. खिसे फाटू लागले आणि ते शिवून शिवून पत्नी वैतागली. मग पाटी आली आणि शेवटी एकचाकी ढकलगाडी. दिवसा टपाल वाटताना चांगले दगड हेरून ते वाटेच्या कडेला रचून ठेवायचे, काम संपले की गाडी घेऊन पुन्हा तिकडे चालून जायचे आणि ते घरी आणायचे. रात्री कंदिलाच्या उजेडात चुना आणि सिमेंट कालवून परसात बांधकाम करायचे. गावाने त्यांना वेड्यात काढले. पहिली दोन वर्षे तर केवळ एका कारंज्यात गेली. बांधकाम 1912 पर्यंत चालले. भिंतीवर त्यांनीच कोरून ठेवले आहे: 10 हजार दिवस, 93 हजार तास, 33 वर्षांचे कष्ट. पुन्हा सांगते, 33 वर्षे आणि एकटा माणूस.

‘आदर्श महाल’ या नावाने ओळखला जाणारा हा महाल 26 मीटर लांब आहे. पूर्वेच्या भिंतीवर रोमन सेनानी सीझर, त्याच्याशी लढलेला गॉलचा (म्हणजे प्राचीन फ्रान्सचा) सरदार व्हर्सिंजेटोरिक्स आणि ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज यांचे तीन उंच, अवाढव्य पुतळे उभे आहेत. लोक त्यांचीच छायाचित्रे घेतात; मला विचाराल तर खरी गंमत पश्चिमेला आहे. तिथे मशीद, स्वित्झर्लंडमधील लाकडी घर, व्हाइट हाउस आणि मध्ययुगीन किल्ला यांच्या पंगतीत चक्क एक हिंदू मंदिर आहे. शवाल भारतात कधी आले नव्हते. सचित्र मासिके आणि चित्रांची पोस्टकार्डे यांतून त्यांनी जग पाहिले होते आणि ही पोस्टकार्डे त्यांच्याच थैलीतून जात असत. ज्या गाडीने दगड वाहिले, तिलाही त्यांनी महालात मानाची जागा दिली आहे.

या महालातच आपल्याला पुरावे, अशी शवाल यांची इच्छा होती. परंतु फ्रान्सच्या कायद्याने परवानगी मिळाली नाही. तेव्हा सत्तरी उलटून गेलेल्या या माणसाने गावच्या दफनभूमीत त्याच पद्धतीने स्वतःची समाधी बांधायला घेतली आणि आठ वर्षांत, 1922 मध्ये, ती पुरी केली. 1924 च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांचे दफन झाले. स्वप्न आणि सुप्त मन यांतून कला घडवणाऱ्या अतिवास्तववादी (सररिअलिस्ट) कलावंतांनी तोवर दुर्लक्षित असलेल्या महालाला डोक्यावर घेतले ते त्यानंतर. सरकारी अधिकाऱ्यांना मात्र तो बराच काळ कुरूप वाटत होता. सांस्कृतिक खात्याचे मंत्री आँद्रे मालरो यांनी त्यांचा विरोध मोडून काढला, म्हणून 1969 मध्ये त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आज दरवर्षी लाखाहून अधिक प्रवासी तिकीट काढून ओतरीवला येतात. महाल पाहून झाला की बहुतेक जण परत फिरतात. समाधी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि ती पाहायला तिकीट लागत नाही.