विमान तेच आहे म्हणाले

(पडदा काळा. खडखड आवाज येतो, थांबतो, परत सुरू होतो.)

हा आवाज ट्रिम व्हीलचा आहे. बोईंग ७३७ च्या कॉकपिटमध्ये दोन पायलटच्या मध्ये, गुडघ्याजवळ एक काळं चाक असतं, पांढरा पट्टा मारलेलं, आणि ते फिरायला लागलं की असा आवाज येतो. शेपटीकडचा जो आडवा पंख असतो ना, स्टॅबिलायझर, तो हे चाक हलवतं, एकीकडे फिरलं की विमानाचं नाक खाली आणि दुसरीकडे फिरलं की वर. आता नेहमीच्या उड्डाणातसुद्धा हे चाक मधूनमधून आपलं आपण फिरतच असतं, त्यामुळे ७३७ वाल्या पायलटला त्याचं काही वाटत नाही, डोक्यावरच्या पंख्याचा आवाज जसा थोड्या वेळाने ऐकूच येत नाही तसं.

२९ ऑक्टोबर २०१८, सकाळी ६:२०. जकार्ताहून लायन एअर या इंडोनेशियन कंपनीचं ७३७ मॅक्स उडालं. उडाल्याबरोबर कॅप्टनच्या हातातला योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, थरथरायला लागला, म्हणजे विमान सांगतंय की आता स्टॉल होईल, पंख विमानाला उचलून धरणार नाहीत, दोन बाजूंचे स्पीड एकमेकांशी जुळेनात, उंची जुळेना, आणि या सगळ्या गोंधळात ते चाक फिरलं. नाक खाली. कॅप्टनने बटण दाबून नाक वर आणलं. पाच सेकंद गेले, चाक परत फिरलं. परत वर आणलं, परत खाली. हे वीसपेक्षा जास्त वेळा झालं. शेजारी को-पायलट हँडबुकमध्ये पानं उलटत होता.

चाक असं का फिरतंय याचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतंच.

(दृश्य: समुद्र, सकाळ. थोडा वेळ निवेदन नाही.)

या गोष्टीकडे आपण परत येऊ. त्याआधी तीस वर्षं मागे जायचंय, कारण "विमान तेच आहे, थोडं नवीन आहे एवढंच" हे वाक्य पायलटच्या कानावर पडायची ही काही पहिली वेळ नव्हती.

८ जानेवारी १९८९, ब्रिटिश मिडलंडचं लंडन ते बेलफास्ट विमान. हे ७३७-४००, तेव्हा अगदी कोरं मॉडेल. कॅप्टन मुरलेला, हजारो तास उडवलेला माणूस, पण या मॉडेलवर त्याचा आणि को-पायलटचा अनुभव एकत्र केला तरी भरतो ७६ तास. नवीन विमानाची ओळख म्हणून मिळाला होता एक दिवसाचा कोर्स, स्लाइड आणि आवाज वगैरे. नवीन इलेक्ट्रॉनिक गेज, म्हणजे इंजिनाची मापं दाखवणाऱ्या तबकड्या, असलेला सिम्युलेटर तेव्हा ब्रिटनमध्ये उपलब्धच नव्हता. म्हणजे इंजिन बिघडल्यावर हे नवे गेज कसे दिसतात हे त्या दोघांनी पहिल्यांदा बघितलं ते खरोखर इंजिन बिघडलं तेव्हा, २८ हजार फुटांवर, मागे प्रवासी बसलेले असताना.

झालं काय, डाव्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं तुटलं. जोरात हादरे, जळका वास, धूर. कॅप्टनने विचारलं कुठलं इंजिन, को-पायलट डावं म्हणता म्हणता उजवं म्हणाला. आता इथे जरा थांबून बघा, कारण मला तरी हा सगळा प्रकार म्हणजे एकावर एक बसत गेलेल्या सवयी वाटतात. जुन्या विमानांत इंजिनाच्या हादऱ्यांचा गेज इतका बेभरवशाचा असायचा की पायलट लोक त्याच्याकडे बघतच नसत. नवीन विमानात तोच गेज चांगला झाला होता, डावीकडे बिघाड आहे असं बरोब्बर दाखवतही होता, पण हे त्यांच्या मनात ठसेल असं कोणी सांगितलं नव्हतं, वर तो आकाराने लहान, आणि जुन्या ठसठशीत काट्यांच्या जागी आता गेजच्या कडेने छोटे दिवे. धुराचंही तेच. जुन्या ७३७ बद्दलच्या माहितीवरून कॅप्टनचा हिशोब असा की प्रवाशांच्या केबिनकडून कॉकपिटकडे धूर येतोय म्हणजे उजवं इंजिन. त्याने उजवं कमी करायला सांगितलं आणि नेमके हादरे कमी झाले! झाले ते ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, सुटल्यामुळे डाव्या इंजिनावरचा ताण उतरला म्हणून, पण त्या क्षणी कोणालाही वाटेल की चला, बरोबर ओळखलं. धडधाकट इंजिन बंद केलं गेलं.

मागे बसलेल्या लोकांना डावीकडे ठिणग्या दिसत होत्या. कॅप्टनने घोषणा केली की उजव्या इंजिनात बिघाड होता. लोक चक्रावले, पण कोणी बोललं नाही, पायलटला आपण काय सांगणार.

ईस्ट मिडलंड्सच्या धावपट्टीवर उतरायच्या वेळी जास्त जोर लागला आणि डावं इंजिन कोसळलं. विमान धावपट्टीच्या अलीकडे एम१ महामार्गाच्या कडेच्या चढावर आदळलं. १२६ जण होते, ४७ गेले. दोन्ही पायलट वाचले आणि पुढे दोघांची नोकरी गेली.

आता दुसरी गोष्ट, ती सुदैवाने चांगली संपते. २७ डिसेंबर १९९१, स्टॉकहोम. एसएएस या स्कॅन्डिनेव्हियन कंपनीचं एमडी-८१ विमान. रात्रभर पंखांवर पारदर्शक बर्फ जमलेला, सकाळी तो पूर्ण निघाला नाही, उड्डाण झालं तसा तुटून मागच्या दोन्ही इंजिनांत गेला. इंजिन धडाधड आवाज करायला लागल्यावर कॅप्टनने बरोबर तेच केलं जे करायचं असतं, थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाला श्वास घ्यायला सवड दिली. पण इंजिनाची ताकद परत वाढायला लागली. कोण वाढवतंय? ऑटोमॅटिक थ्रस्ट रिस्टोरेशन नावाची एक सिस्टीम. उड्डाणाच्या वेळी ताकद कमी पडतेय असं वाटलं की ती आपणहून थ्रॉटल पुढे करते. ही सिस्टीम विमानात आहे हे पायलटना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एसएएस कंपनीलाच माहीत नव्हतं. उत्पादकाच्या कागदात होतं, पण ज्या प्रकारच्या टेकऑफसाठी ती बनवली तसे टेकऑफ एसएएस करायचीच नाही, मग कोण वाचतंय.

उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच दोन्ही इंजिनं गेली. खाली जंगल. कॅप्टनने गॉटरोरा गावाजवळ एका शेतात विमान उतरवलं, त्याचे तीन तुकडे झाले, आणि १२९ पैकी १२९ वाचले. सगळे त्याला हिरो म्हणाले. तो परत कधी प्रवासी विमान चालवायला बसला नाही.

मध्ये एअरबसचंही एक सांगून टाकतो. १९९२ च्या जानेवारीत स्ट्रासबर्गजवळ ए३२० डोंगरावर गेलं, ८७ मृत्यू. त्यात उतरण्यासाठी एकच नॉब होता आणि मोड दोन. ३.३ म्हणजे ३.३ अंशांचा उतार, ३३ म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट खाली. फरक एका टिंबाचा! चौकशीत सगळ्यात शक्य वाटलेलं कारण हेच, की मोड एक होता आणि डोक्यात दुसरा होता. पुढे त्या डिस्प्लेवर पूर्ण चार आकडे दिसायला लागले.

(दृश्य: ट्रिम व्हील. तोच आवाज.)

आता परत जकार्ता.

७३७ हे १९६० च्या दशकातलं डिझाइन, जमिनीपासून बुटकं. मॅक्समध्ये नवीन इंजिनं बसवायची होती, ती मोठी, मग पंखाच्या पुढे आणि वर सरकवून बसवली. त्याने काय झालं की काही परिस्थितीत नाक जास्त वर घेतलं की विमान अजूनच वर जायला बघायचं, जुन्या ७३७ सारखं हाताला लागायचं नाही. आणि ते जुन्यासारखंच लागणं फार गरजेचं होतं, कारण तसं असेल तरच टाईप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवायचा परवाना, तेच, पायलट तेच, सिम्युलेटरचा खर्च नाही. म्हणून एमकॅस. सेन्सर म्हणाला की नाक फार वर आहे तर हे सॉफ्टवेअर गपचूप स्टॅबिलायझर फिरवून नाक खाली आणणार.

म्हणजे बघा, फरक जाणवू नये म्हणून ती वस्तू बसवली, आणि फरक नाहीच तर सांगायचं कशाला म्हणून मॅन्युअलमधून तिची माहिती गाळली. जुन्या ७३७ वरून मॅक्सवर जाणाऱ्या पायलटला मिळाला टॅबलेटवरचा छोटा कोर्स, एखाद-दोन तासांचा, त्यात एमकॅसचा शब्द नाही. सिम्युलेटर नाही. साउथवेस्ट या मोठ्या गिऱ्हाइकाशी तर बोईंगने करारच केला होता की सिम्युलेटर ट्रेनिंग लागलं तर विमानामागे १० लाख डॉलर सूट देऊ. आता अशा करारानंतर कंपनीत कोण उठून म्हणणार की अरे पायलटना शिकवायला पाहिजे?

सुरुवातीला एमकॅस एका वेळी ०.६ अंश फिरवणार होतं, पुढे ते २.५ अंश झालं. ते ऐकायचं फक्त एका सेन्सरचं, आणि पायलटने उलट बटण दाबलं की थांबून पाच सेकंदांनी परत सुरू व्हायचं. बोईंगचं म्हणणं होतं की ट्रिम, म्हणजे ते चाक आणि स्टॅबिलायझर, आपोआप पळायला लागली तर काय करायचं ही चेकलिस्ट पायलटला पाठ असते, तो काही सेकंदांत ओळखेल. पण त्या चेकलिस्टमधली ट्रिम सलग पळते, ही पळते, थांबते, परत पळते, आणि ते चाक तर एरवीही फिरतंच. २०१२ मध्ये सिम्युलेटरवर खुद्द बोईंगच्या टेस्ट पायलटला हे ओळखून आवरायला दहा सेकंदांहून जास्त लागले होते.

लायन एअरच्या विमानात हा सेन्सरच चुकीचं सांगत होता, आणि आदल्या रात्री याच विमानाला हाच त्रास झाला होता बरं का. देनपसारहून येताना कॉकपिटमध्ये योगायोगाने तिसरा पायलट बसला होता, तिघांनी मिळून शेवटी ट्रिमची वीज बंद केली आणि चाक हाताने फिरवत विमान जकार्ताला आणलं. लॉगबुकमध्ये मात्र योक थरथरल्याचं आणि वीज बंद केल्याचं लिहिलं गेलं नाही. सकाळच्या क्रूला त्यातलं काही कळलं नाही. १८९ जण गेले.

मग नोव्हेंबरमध्ये जगभरच्या पायलटना एमकॅस हा शब्द कळला. बरेच पायलट भडकले, आम्ही जे उडवतोय त्यात काय आहे हे आम्हाला अपघातानंतर कळतंय? तोवर बाजारात एक सूर निघालाच होता की त्या देशातले पायलटच कच्चे.

१० मार्च २०१९, अदिस अबाबा. इथिओपियन एअरलाइन्सचं मॅक्स, तशाच सेन्सरचा घोळ, तीच खडखड. या क्रूने सूचनेप्रमाणे ट्रिमची वीज बंद केली. पण इंजिनाची ताकद टेकऑफचीच राहिली होती, वेग खूप वाढलेला, आणि त्या वेगात शेपटीवर हवेचा इतका दाब असतो की ते चाक हाताने फिरेना. यातून सुटायची एक युक्ती १९६० च्या दशकातल्या ७३७-२०० च्या जुन्या मॅन्युअलमध्ये असायची, नंतरच्या पुस्तकांतून ती गेली. त्यांनी वीज परत चालू केली, एमकॅस परत जागं झालं. उड्डाणानंतर सहा मिनिटांत सगळं संपलं, १५७ जण.

त्यानंतर तीन दिवसांत मॅक्स जगभर जमिनीवर आलं. अमेरिकेत ते २० महिने उभं राहिलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी मिळाली तेव्हा अटींमध्ये सिम्युलेटर होता. आता मॅक्सच्या पायलटला आधी सिम्युलेटरमध्ये बसून एमकॅस काय करतं ते बघावं लागतं आणि चाक हाताने फिरवून बघावं लागतं.

(दृश्य: सिम्युलेटर, दोन हात चाकाच्या मुठीवर.)

त्याच वर्षाच्या जानेवारीत बोईंगचे जुने अंतर्गत मेसेज बाहेर आले. त्यात २०१७ चा एक किस्सा आहे. एका एअरलाइनने विचारलं होतं की मॅक्स घेतोय तर आमच्या पायलटना सिम्युलेटरवर बसवायला पाहिजे का. बोईंगच्या माणसाने मेसेजमध्ये त्यांना मूर्ख म्हटलं, आणि गरज नाही असं पटवून तो विषय तिथेच मिटवला गेला.

ती एअरलाइन लायन एअर होती.