ट्रिब्यून म्हणजे न्यायाधीश नव्हे

नमस्कार. वर्तमानपत्रांच्या नावांवरील भागानंतर ‘ट्रिब्यून’ या शब्दाबद्दल इतकी विचारणा झाली की स्वतंत्र भाग करणे भाग पडले. व्युत्पत्ती सरळ आहे: लॅटिनमध्ये ‘ट्रिबुस’ म्हणजे जमात, तिचा प्रमुख तो ‘ट्रिबुनुस’. सैन्यातही ट्रिब्यून असत. परंतु ‘जनतेचा कैवारी’ हा अर्थ आला तो, परंपरेनुसार इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने गांजलेल्या सामान्य रोमनांनी शहर सोडून टेकडीवर मुक्काम ठोकल्यावर तडजोडीत पदरात पाडून घेतलेल्या पदातून.

आता माझ्या डोकेदुखीकडे वळते. ‘ट्रिब्यून म्हणजे हरित लवादासारखा न्यायाधीशच ना?’ अशी प्रतिक्रिया दर वेळी येते. नाही! लवादाला इंग्रजीत ‘ट्रिब्युनल’ म्हणतात, आणि ट्रिब्युनल म्हणजे मुळात अधिकाऱ्यांचा उंच चौथरा. शब्द एकाच घरातले असले, तरी लोकांचे ट्रिब्यून चौथऱ्यावर नव्हे, साध्या बाकावर बसत. त्यांचे खरे बळ निवाडा देण्यात नव्हते, अडवण्यात होते; ‘व्हेटो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘मी मनाई करतो’ असा आहे. शिवाय ही मनाई चिठ्ठी पाठवून करता येत नसे, त्यासाठी स्वतः जागेवर उभे राहावे लागे. म्हणूनच, मदत मागणाऱ्याला केव्हाही गाठता यावे यासाठी, ट्रिब्यूनच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे ठेवण्याचा दंडक होता. अजूनही पटत नसेल, तर इ.स.पू. १३३ पाहा: टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने मांडलेला जमीनवाटपाचा कायदा मार्कस ऑक्टेव्हियस या दुसऱ्या ट्रिब्यूननेच अडवला, आणि ग्रॅकसला त्याला मतदानाने पदावरून दूर करावे लागले. निवाडा नव्हे, अडवणूक; एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

‘ट्रिब्यून म्हणजे व्यासपीठ’ असे लिहिणारेही चूक नाहीत, कारण तो अर्थ इटालियन व फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला आहे. पण होरेस ग्रीलीने १८४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या किंवा सरदार दयालसिंग मजिठिया यांनी १८८१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या ‘ट्रिब्यून’ वृत्तपत्राच्या नावात मला तरी कैवारीच अधिक दिसतो.

आणि ‘या पदाचा सत्ताधाऱ्यांनी कधी फायदा घेतला का?’ असे विचारणाऱ्या प्रेक्षकांसाठी: इ.स.पू. २३ मध्ये पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने ट्रिब्यूनचे पद न घेता त्याचे अधिकार तेवढे स्वतःकडे घेतले, आणि पुढचे सम्राट आपल्या राजवटीची वर्षे त्याच अधिकारावरून मोजून नाण्यांवर कोरू लागले.