भरलेली गाडी : कुटुंबासाठी हॅचबॅक पारखताना

मित्रहो,

आजचा विषय मध्यम आकाराच्या कौटुंबिक हॅचबॅकचा आहे, म्हणजे प्रामुख्याने मारुती सुझुकीची बलेनो, ह्युंदाईची आय-ट्वेंटी आणि टाटांची अल्ट्रोझ या तीन गाड्यांचा. टोयोटाची ग्लान्झा वेगळ्या नावाने विकली जात असली तरी ती मुळात बलेनोच आहे, त्यामुळे बलेनोविषयी जे बोलेन ते बहुतांशी तिलाही लागू होईल. या गाड्यांची माहिती आज हवी तेवढी मिळते, तरीही घेणाऱ्याचा अंदाज एका ठरावीक ठिकाणी चुकतो, असे माझे निरीक्षण आहे. आपण गाडी रिकामी पाहतो आणि वापरतो मात्र भरलेली. टेस्ट ड्राइव्हला निघताना शेजारी शोरूमचा माणूस बसलेला असतो, मागचे आसन मोकळे असते, डिकीत स्टेपनीखेरीज काही नसते आणि रस्ताही त्यांनीच निवडलेला, सपाट असतो. गणपतीला गावी निघालेली गाडी अशी नसते.

या तिन्ही गाड्या एकमेकींसारख्या का दिसतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि लहान मोटार कशाला म्हणायचे हेही ठरले : लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.पर्यंत, डिझेल इंजिन १५०० सी.सी.पर्यंत. पुढे जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतल्या गाड्यांना १८ टक्के आणि मर्यादेबाहेरच्यांना ४० टक्के असे दर झाले, पण मोजपट्टी तीच राहिली. बलेनो आणि अल्ट्रोझची लांबी ३९९० मिलिमीटर, आय-ट्वेंटीची ३९९५, आणि साधी पेट्रोल इंजिने ११९७ किंवा ११९९ सी.सी.ची, हा योगायोग नव्हे. युरोपात विकली जाणारी आय-ट्वेंटी चार मीटरहून लांब आहे, आपल्याकडे मात्र ती मर्यादेच्या आत बसवावी लागली. लांबी अशी बांधलेली असल्यामुळे मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना दिलेली बोटभर जागा डिकीतून किंवा बॉनेटखालून काढावी लागते. आय-ट्वेंटीच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २५८० मिलिमीटर आहे आणि डिकी ३११ लिटरची. अल्ट्रोझचे अंतर २५०१ आणि डिकी ३४५ लिटरची. बलेनो २५२० आणि ३१८ अशी मध्ये आहे. हे आकडे केवळ कमी-जास्त म्हणून न वाचता, कोणत्या कंपनीने काय देऊन काय घेतले, अशा दृष्टीने वाचावेत.

आता वजनाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. बलेनोचे रिकामे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आहे. त्यात सरासरी पासष्ट किलोची पाच माणसे आणि साठ किलो सामान घाला, म्हणजे गाडी तेराशे किलोंच्या पुढे जाते. रिकाम्या वजनाच्या सुमारे चाळीस टक्के भार वर आला. तिचे इंजिन सुमारे ९० पी.एस. शक्तीचे आहे आणि ११३ न्यूटन-मीटर इतका कमाल टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, ते मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर देते. आय-ट्वेंटीच्या साध्या पेट्रोल इंजिनाची गोष्टही फार वेगळी नाही, तिथे कमाल टॉर्क ४२०० फेऱ्यांवर येतो. शहरात आपण सहसा दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या पुढे जातच नाही, त्यामुळे टेस्ट ड्राइव्हमध्ये इंजिन गुळगुळीत वाटते आणि पिकअपचीही तक्रार राहत नाही. साखरप्याहून आंबा घाट चढू लागल्यावर, ए.सी. चालू, पाच माणसे आत आणि पुढे रेंगाळणारा ट्रक अशी अवस्था असताना, तिसरा गिअर पुरत नाही, दुसरा टाकावा लागतो, इंजिन ओरडू लागते आणि मागच्या आसनावरून कोणीतरी ए.सी. जरा बंद करायला सांगते. यात गाडीचा दोष नाही. बाराशे सी.सी.च्या आत टर्बोविना, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेविना, एवढेच निघते, आणि फेऱ्या वाढू दिल्या तर ही इंजिने घाट व्यवस्थित चढतात. पण ती सवय असलेला चालक घरात आहे का, हे आपले आपण ठरवायचे.

ज्यांचा घाट वर्षातून एक-दोनदाच येतो त्यांनी याची फार चिंता करू नये. ज्यांचे सासर-माहेर घाटाच्या दोन बाजूंना आहे, त्यांनी मात्र आय-ट्वेंटीच्या एन लाइन या आवृत्तीचे १२० पी.एस.चे टर्बो इंजिन किंवा अल्ट्रोझचे डिझेल चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. या वर्गात डिझेल आता एकट्या अल्ट्रोझमध्ये उरले आहे; ते १२५० फेऱ्यांपासूनच २०० न्यूटन-मीटर टॉर्क देते, म्हणजे भरलेली गाडी चढावर जिथे धापा टाकते नेमक्या तिथेच त्याचा जोर असतो. आवाज जरा जास्त आहे आणि किंमतही; वर्षाला दहा हजार किलोमीटरसुद्धा न फिरणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

सी.एन.जी.विषयी मला सर्वाधिक विचारले जाते. बलेनोचे अधिकृत ॲव्हरेज पेट्रोलवर मॅन्युअल गिअरला लिटरमागे २२.३५ किलोमीटर आणि सी.एन.जी.वर किलोमागे ३०.६१ किलोमीटर आहे. हे आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर चाके फिरवून, ठरावीक वेगक्रमाने काढलेले असतात. त्या परीक्षेत घाट नसतो, सिग्नलला वैतागलेला चालकही नसतो. गाड्यांची आपसात तुलना करायला ते उपयोगी आहेत, घरखर्च मांडायला नाहीत. मात्र सी.एन.जी.वर बलेनोची शक्ती ७७ पी.एस.पर्यंत उतरते आणि टाकी डिकीत बसल्यामुळे सामानाची जागा जवळजवळ जाते, या दोन गोष्टी एकाच प्रवासात एकदम भेटतात. टाटांनी अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवून २१० लिटर जागा वाचवली, ही मला या वर्गातली अलीकडची सर्वांत शहाणपणाची रचना वाटते. रोज पन्नास-साठ किलोमीटर एकट्याने कामावर जाणाऱ्याला सी.एन.जी. उत्तम आहे, दर महिन्याला सहकुटुंब गावी जाणाऱ्याने जरा थांबून विचार करावा.

मागच्या आसनावर मी मुद्दाम अधिक वेळ घालवणार आहे, कारण पैसे देणारा माणूस तिथे क्वचितच बसतो. शोरूममध्ये गेल्यावर आधी चालकाचे आसन स्वतःच्या उंचीप्रमाणे मागे घ्या, मग उतरून त्याच्याच मागे बसा आणि गुडघे कुठे येतात ते पाहा. नंतर मध्ये तिसरे माणूस बसवा. बाहेरून मोजली तर आय-ट्वेंटी १७७५, अल्ट्रोझ १७५५ आणि बलेनो १७४५ मिलिमीटर रुंद आहे, पण खांद्याला खांदा लागतो की नाही हे दाराच्या जाडीवर आणि आसनाच्या उंचवट्यावर ठरते, कागदावर नाही. अल्ट्रोझमध्ये मागची फरशी सपाट असल्याने मधल्याला पाय ठेवायला जागा मिळते. घरात गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आजी असेल तर तिला सोबत न्याच. अशी व्यक्ती आधी पाठमोरी टेकते आणि मग एकेक पाय आत घेते. त्यासाठी दार पुरते उघडावे लागते आणि आसन फार खाली असून चालत नाही. अल्ट्रोझची दारे काटकोनात उघडतात, ही बाब जाहिरातीतली वाटली तरी आजीसाठी ती डॅशबोर्डवरच्या पडद्याच्या इंचांपेक्षा मोलाची आहे. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये मात्र तो काटकोन कधीच पूर्ण होत नाही, हेही खरे.

डिकीचे लिटर पाहण्याऐवजी तिचे तोंड पाहा. हॅचबॅकच्या डिकीचा उंबरा उंच असतो. आंब्याच्या पेट्या त्यावरून उचलून आत ठेवायच्या आणि पुन्हा तशाच काढायच्या, हे कमरेला कळते. ग्राउंड क्लिअरन्सचेही, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतच्या अंतराचेही, तसेच आहे. बलेनो आणि आय-ट्वेंटीचा १७० आणि अल्ट्रोझचा १६५ मिलिमीटर हा आकडा रिकाम्या गाडीचा मानावा. पाच माणसे बसली की स्प्रिंगा दबतात. शिवाय आय-ट्वेंटीच्या चाकांत अंतर जास्त असल्याने, क्लिअरन्स तेवढाच असूनही, उभ्या चढाच्या गतिरोधकावर पोट आधी तिचे घासेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या गल्लीतला तसा आहे का, हे आपल्याला ठाऊकच आहे.

सुरक्षेच्या ताऱ्यांविषयी लोक आता विचारू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने जानेवारी २०२० मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले. बलेनोला भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीत २०२५ साली चार मिळाले. मात्र समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतल्या जाणाऱ्या या धडकेत प्रौढांचे पुतळे पुढच्या दोन आसनांवर असतात आणि मागे बालासनात मुलांचे. मागे बसलेल्या प्रौढांचे काय होते, हे त्या ताऱ्यांत उतरत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात मृत्युमुखी पडलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मागच्या आसनावर होते, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले होते. म्हणून मागचे तिन्ही पट्टे ओढून पाहा, मधला पट्टा खांद्यावरून येणारा आहे का ते पाहा, आणि त्यांची कुलपे आसनाच्या फटीत रुतलेली असतील तर विचारा. जे सहज हाताला लागत नाही ते लावले जात नाही.

पैशांविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के रस्ता कर आहे, त्यामुळे वरच्या मॉडेलची किंमत दहा लाखांच्या उंबरठ्यावर असेल तर ऑन-रोड हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून घ्यावा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, बाकीचा विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. पासिंग होण्याआधी गाडी दिवसाउजेडी पाहून घ्यावी आणि चासी नंबर कागदांशी ताडून पाहावा.

माझे मत विचाराल तर, शहरात आणि सपाट महामार्गावर चालणाऱ्या चौकोनी कुटुंबाला बलेनो पुरेशी आहे आणि ती चालवायला सर्वांत कमी खर्चाची ठरेल. मागच्या आसनावर उंच, वाढत्या वयाची मुले असतील तर आय-ट्वेंटी. वयस्कर माणसे, घाट आणि सामान हे तिन्ही ज्यांच्या वाट्याला आहेत, त्यांनी अल्ट्रोझ आधी पाहावी, आणि शोरूमला फोन करतानाच सांगून ठेवावे की टेस्ट ड्राइव्हला घरची चार माणसे येणार आहेत आणि जवळच्या चढावर जायचे आहे. बहुतेक ठिकाणी कुरकुर करून का होईना, मान्य करतात. जिथे करत नाहीत तिथे दुसरे शोरूम गाठावे.