शिकवणाऱ्याचा हात प्लॅस्टरमध्ये

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘नोकरीच्या ठिकाणी संगणक आणि इंटरनेट शिकवावं कसं?’ त्यावर मी बोलणारच आहे. पण आधी एका हाताची गोष्ट सांगतो, कारण या विषयातलं मला जे काही कळलंय ते त्या हातामुळे कळलंय. समोर बँकेतली, एसटीतली, जिल्हा परिषदेतली, शाळेतली मंडळी दिसताहेत. त्यामुळे लेजर म्हणजे खातेवही, व्हाउचर म्हणजे व्यवहाराची चिठ्ठी, हे समजावत बसायला नको.

मी १९८१ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो. १९८४ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणावर अहवाल दिला. त्या काळात संगणकाविरुद्धच्या मोर्चात मी चाललोय, घोषणा दिल्यात. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. एका पगारावर सहा माणसं जेवत असली की यंत्र दारात येताना ‘आमचं काय?’ हे विचारावंच लागतं. संघटनांनी ते विचारलं, करार झाले, आणि यंत्रं टप्प्याटप्प्याने आली.

आमच्या शाखेचा नंबर १९९४ साली लागला. त्याआधी आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. हॉलमध्ये आम्ही तीस जण आणि संगणक सहा. पहिला दिवस संगणकाचा जनक चार्ल्स बॅबेज, संगणकाच्या पिढ्या, व्हॅक्यूम ट्यूब, रॅम आणि रॉम यांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचे यंत्रापाशी बसलो. एका यंत्रामागे पाच माणसं. कीबोर्ड ज्याच्या पुढ्यात होता त्याने तो पाच वाजेपर्यंत सोडला नाही आणि बाकीच्या चौघांनी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. इथे कितीजण असे खांद्यावरून शिकलेत? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह!

आमच्याबरोबर अण्णा होते. लेजरला बसायचे, वय ५४. शाखेत बचत खाती तीन हजारांच्या आसपास, आणि त्यांचं सहामाही व्याज अण्णा हाताने काढायचे. तेव्हाचा नियम तुम्हाला आठवत असेल. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. वीस तारखेला मुलीच्या फीसाठी पैसे काढले की त्या पैशांचं त्या महिन्यातल्या आधीच्या दिवसांचं व्याजही गेलं. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला लावलं. तीन हजार खाती, रोजची शिल्लक. हाताने हे कुठल्या शाखेला झेपलं असतं? संगणकाने सामान्य खातेदाराला काय दिलं असं कुणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो. आमच्या प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नाही. बॅबेज मात्र सांगितला.

तर अण्णांच्या वाट्याला त्या दोन दिवसांत कीबोर्ड आलाच नाही. परत आल्यावर चार महिने शाखेत यंत्रही आलं नाही. जे काही कानावर पडलं होतं तेही उडून गेलं. शेवटी यंत्र आलं तेव्हा अण्णा म्हणाले, ‘माझा चष्मा बदलायचा आहे, तुम्ही चालू करा.’ भीती होती हो. ज्या माणसाला आख्खी शाखा हिशेब विचारायची, त्याला पंचविशीतल्या पोरांसमोर चुकायचं नव्हतं.

यंत्र चालवता येणारा शाखेत एकच जण होता. नवा लागलेला पोरगा, बाहेर सहा महिन्यांचा कोर्स करून आलेला. त्याची बोटं अशी चालायची की शेजारी उभ्या माणसाला काही दिसायचंच नाही. कुणी काही विचारलं की ‘थांबा, मी करून देतो’ म्हणायचा. काम व्हायचं, पण शिकायचं कुणीच नाही. आणि यंत्र येऊन आठ दिवस होताहेत तोच तो लुनावरून पडला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, सहा आठवडे.

पोरगा मात्र कामावर यायचा. हात गळ्यात अडकवून यंत्रामागे उभा राहायचा. आता तो करून देऊ शकत नव्हता, त्याला फक्त तोंडाने सांगता येत होतं. ‘बाण खाली न्या. अजून एक घर. आता खातं नंबर टाका. एंटर. नाही, ते उजवीकडचं मोठं बटण.’ पहिल्या दिवशी एका व्हाउचरला दहा मिनिटं लागली. काउंटरवर लोक चिडले. मॅनेजरसाहेब केबिनमधून दोनदा बाहेर आले.

तेव्हा पॅरलल रन चालू होता, म्हणजे लेजरही लिहायचं आणि संगणकातही चढवायचं. सगळ्या खात्यांच्या शिलका चढवून झाल्या, बेरीज घेतली, तर संगणक लेजरपेक्षा २,७०० रुपये कमी दाखवतोय. तीन हजार खात्यांत चूक शोधायची कुठे? पोरगा म्हणाला, सगळी खाती पहिल्यापासून ताडून बघू. अण्णा लांब बसून ऐकत होते. तिथूनच म्हणाले, ‘नवाने भाग जातोय. आकडे उलटे पडलेत.’

हिशेबातल्या माणसांना हे माहीत आहे. दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो. अण्णा पुढे गेले. म्हणाले, ‘२,७०० म्हणजे नऊशे गुणिले तीन. हजार आणि शेकड्याच्या घरातले आकडे उलटलेत, दोघांत फरक तीनाचा. संगणक कमी दाखवतोय, म्हणजे खरी शिल्लक बघताना हजाराचा आकडा शेकड्याच्या आकड्यापेक्षा तीनाने मोठा हवा. पहिले दोन आकडे एक्केचाळीस, बावन्न, त्रेसष्ट, चौऱ्याहत्तर, असे बघा.’ बॅलन्स बुक, म्हणजे शिलकांची वही, काढलं आणि जेवणाच्या सुट्टीआधी सापडलं. एका निवृत्त मास्तरांचं खातं. शिल्लक ७,४२०, चढवली होती ४,७२०.

पोरगा म्हणाला, ‘अण्णा, चूक तुम्ही शोधलीत, दुरुस्तही तुम्हीच करा.’ आणि खुर्ची ओढून दिली. अण्णा बसले. उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘अरे, हे तर आपल्या कॅल्क्युलेटरसारखंच आहे!’ तसंच असतं ते. वर सात-आठ-नऊ, खाली एक-दोन-तीन. (फोनवर मात्र उलटं, एक-दोन-तीन वर.) वीस वर्षं कॅल्क्युलेटरवर चाललेली बोटं. सात, चार, दोन, शून्य, खाली न बघता. पडद्यावरची बेरीज लेजरला जुळली, तेव्हा अण्णांनी चष्मा काढून पुसला.

प्लॅस्टर निघेपर्यंत शाखेतली नऊच्या नऊ माणसं यंत्र चालवत होती. हेडकॅशियरना अण्णांनीच शिकवलं, हात मागे बांधून! पुढे मी स्वतः प्रशिक्षण विभागात गेलो, निवृत्तीपर्यंत शेकडो जणांना शिकवलं. पण त्या सहा आठवड्यांइतका चांगला वर्ग मला भरवता आला नाही.

माझ्या घरातलंच आणखी एक सांगतो. माझी पत्नी सरकारी कार्यालयात टंकलेखक होती. मराठी टंकलेखनाची चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी सारखंच वाचता यावं अशी अक्षरांची पद्धत, आलं आणि तिला सांगण्यात आलं की आता इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी. शिकवायला आलेल्याने काय केलं, तर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायची सोय दाखवली आणि निघून गेला. ती घरी आली, बोलली नाही. मग आम्ही कागदावर इनस्क्रिप्टचा तक्ता काढला. बघता बघता तिच्या लक्षात आलं की स्वर डाव्या हाताला आहेत, व्यंजनं बहुतेक उजव्या. जिथे क, तिथेच शिफ्ट दाबून ख. जिथे ग, तिथेच घ. आणि मग ती जे म्हणाली ते मी पुढे प्रत्येक वर्गात सांगितलं: ‘मशीनवर जसं दिसतं तसं टंकायचं, इथे जसं बोलतो तसं.’ टाइपरायटरवर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी मारायची आणि मग क. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. हाच खरा बदल! हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं असतं तर तीन आठवड्यांची तिची घुसमट वाचली असती.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणताहेत. म्हणजे मुख्य विषय आता भरभर घ्यायला हवा.

तर माझं म्हणणं असं. शिकवणाऱ्याने कीबोर्डला आणि माऊसला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी. समोरचा अडला, चुकला, वेळ लागला, तरी तोंडानेच सांगायचं. एका यंत्रापाशी दोनच माणसं, आणि अर्ध्या तासाने खुर्च्या बदलायच्या. पाच माणसांचा वर्ग म्हणजे एकाचं प्रशिक्षण आणि चौघांचा खोळंबा.

शिकायला बसताना माणसाने स्वतःचं काम घेऊन बसावं. ग्रामसेवकाने त्याची ग्रामपंचायतीच्या नमुन्यांची वही, शिक्षिकेने तिचा हजेरीपट. एक्सेल शिकवताना पुस्तकातली सफरचंदं आणि संत्री कशाला? तिच्याच वर्गाची हजेरी बेरीज करून दाखवू दे. आणि सरावासाठी खऱ्या माहितीची वेगळी प्रत हवी, जिच्यात काहीही खोडलं तरी कुणाचं नुकसान नाही. चुकायला जागा असली की पन्नाशीतली माणसंही धीट होतात.

भाषेचं तर बोलायलाच हवं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन सारखे अडत होते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येत होता, आणि पोषण ट्रॅकर, म्हणजे बाळांच्या पोषणाची नोंद ठेवायचं सरकारी ॲप, इंग्रजीतून भरायचं होतं. ‘बायकांना शिकायचं नाही’ असं तेव्हा काही जण म्हणाले. मला तो राग अजून आहे. गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन जिला तोंडपाठ, ती बटणं दाबायला घाबरते? तिला तिच्या भाषेत, चालणाऱ्या फोनवर शिकवा आणि मग बोला.

एमएस-सीआयटीबद्दल दोन शब्द. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००२ च्या सुमारास तो संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम आणला आणि तालुक्या-तालुक्यात, खेड्यांत केंद्रं उघडली. फार मोठं काम. पण सरकारी नोकरीत वेतनवाढ प्रमाणपत्राला जोडली गेली, आणि पुष्कळ कार्यालयांत प्रमाणपत्र फायलीला लागलं त्या दिवशी शिकणं थांबलं. दर सहा महिन्यांनी सॉफ्टवेअर बदलतंय, तर आठवड्यातला एक तास, कामाच्या वेळेतला, सुट्टीच्या दिवशीचा नव्हे, शिकण्यासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे?

इंटरनेटचं राहिलं. एकच घेतो. पासवर्ड. माझ्या नोकरीत मी मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर पासवर्ड पाहिलेत, ‘साहेब रजेवर आहेत, त्यांच्या लॉगिनवरून पास करतो’ हेही पाहिलंय. लेजरवर दुसऱ्याची सही कुणी केली असती का? नाही. मग लॉगिन म्हणजे सही, हे पहिल्याच दिवशी शिकवा. आणि घरी ओटीपी सांगून पैसे गेलेच, तर लाजून बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

दुसरी चिठ्ठी आली, थांबतो. दर शनिवारी सकाळी दहा ते बारा मी या वाचनालयातल्या संगणकापाशी असतो. ज्यांना यायचंय त्यांनी आपापलं काम घेऊन यावं. वीजबिल असो, सातबारा असो, नातवाचा अर्ज असो. खुर्चीवर तुम्ही बसायचं. मी मागे उभा राहीन.